सातांची दोन कडी

पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्याच्या रानात, बांधावर, कुंपणावर कळलावीचा वेल चढतो. फूल देखणं, कंद आणि बिया जहाल. हे विष म्हणजे कोल्चिसिन. गाउटवर तेच औषध, आणि पिकांची गुणसूत्रं दुप्पट करायलाही पैदासकार तेच वापरतात.

या रेणूतली तिन्ही कडी सहा-सहा कार्बनांची, असं १९२४ मध्ये रसायनज्ञ विंडाउसने मांडलं होतं. १९४५ मध्ये ड्यूअर म्हणाला, तिसरं सातांचं असावं. मधलंही सातांचंच, हे १९५२ मध्ये किंग, द व्रीस आणि पेपिन्स्की यांनी क्ष-किरणांनी पक्कं केलं. त्यांनी स्फटिकात कोल्चिसिनच्या जोडीला आयोडीनचं संयुग बसवलं होतं. कार्बनचे इलेक्ट्रॉन ६, आयोडीनचे ५३. तो जड अणू आधी सापडतो, मग बाकीचे.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत स्फटिकावरून रेणूची घडण शोधण्याचं हे काम मी जवळून पाहिलं. यंत्र महागडं, पण जीव खातो तो स्फटिक. कुपीला फॉइल गुंडाळलेली, कारण उजेडात हा रेणू आपली घडणच बदलतो. द्रावक सावकाश उडू द्यायचा. घाई केली की नुसता सुयांचा गुंता. सूक्ष्मदर्शकाखाली विद्यार्थिनी तांदूळ निवडावेत तसे कण बाजूला सारत होती. ध्रुवित प्रकाशात फिरवल्यावर कण एकदम सगळा काळा पडला तर घ्यायचा. अर्धा उजळ राहिला तर तो जुळा, टाकून द्यायचा. निवडलेला कण, मिलिमीटरचा जेमतेम पाचवा हिस्सा, तेलाच्या थेंबासकट नायलॉनच्या फासात उचलला आणि उणे १७३ अंशांच्या नायट्रोजनच्या झोतात धरला.

पुढे त्यावर क्ष-किरण सोडले की पडद्यावर ठिपकेच ठिपके. त्यांची तीव्रता मोजता येते, पण लहरींची कला, म्हणजे फेज, हातून निसटलेली असते. ती संगणक शोधतो. तरी नायट्रोजन कुठला नि कार्बन कुठला, यात तो कधीकधी चुकतो. म्हणून विद्यार्थिनी प्रत्येक बंधाची लांबी स्वतः तपासत होती. मला ते आवडलं.

रेणू डावा की उजवा, हे ठरवणं अवघड. त्यासाठी तांब्याचे क्ष-किरण वापरतात, पण या रेणूतल्या ऑक्सिजनचा इशारा फारच क्षीण असतो. माझ्या मते इथे १९५२ ची आयोडीनची युक्तीच सरस.