संगणकातली भिंत

वास्तुविशारदाच्या नकाशावर भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. नऊ इंची भिंतीसाठी रेघांमधले अंतर २३० मिलिमीटर, साडेचार इंचीसाठी ११५. उंची पाहायची ती छेदचित्रात, आणि दोन्ही चित्रे जुळवायची मनात. १९८२ साली आलेल्या ऑटोकॅडने आधी हीच रेघ पडद्यावर नेली.

भिंत उभी करण्याची सर्वांत सोपी युक्ती म्हणजे रेघेला ‘थिकनेस’ देणे. नाव जाडीचे, मिळते मात्र उंची! आणि तयार होतो तो नुसता पडदा. भरीव भिंत हवी तर तिची बंद आकृती काढून वर ओढायची; याला ‘एक्स्ट्रूड’ म्हणतात. दारासाठी त्या मापाचा वेगळा ठोकळा करून भिंतीतून वजा करायचा. पण या ठोकळ्याला आपण भिंत आहोत हे ठाऊक नसते. दाराची चौकट हातभर सरकवा, भोक जागच्या जागी राहते.

आर्चिकॅड आणि रेव्हिट यांनी भिंतीला भिंतपण दिले. गिलावा, वीट, पुन्हा गिलावा असे थर तिच्यात असतात. दार सरकले की भोकही सरकते आणि वीटकामाचा हिशेब बदलतो. इथे एक खाच आहे. भिंत कोणत्या रेघेवर बेतली, मध्यरेषेवर की बाहेरच्या कडेवर, हे सुरुवातीलाच ठरवावे लागते. बाहेरच्या कडेवर बेतलेल्या भिंतीची जाडी पुढे वाढवली, तर सगळी वाढ खोलीच्या पोटात येते.

खरी पंचाईत जुन्या वाड्याची. तिथली भिंत पायाशी जाड, वर निमुळती. मध्ये कोनाडे, देवळ्या. रेव्हिटमध्ये तिरकी भिंत २०२१च्या आवृत्तीत आली, निमुळती २०२२च्या. फुगलेली भिंत अजूनही सरळ हुकमात बसत नाही, म्हणून मोजणारा ती बिनदिक्कत सरळ काढून टाकतो. दगडी भिंतीचे आतले-बाहेरचे अंग वेगळे होऊ लागले, मधल्या भरावात पाणी मुरले, की फुगवटा येतो. नेमके तेच दुखणे प्रतिकृतीतून पुसले जाते, आणि दुरुस्तीचा अंदाज त्याच प्रतिकृतीवरून निघतो.

अशा भिंतीला एकच जाडी देऊ नये. ओळंबा सोडून पायाशी, कमरेशी आणि तुळईखाली मापे घ्यावीत, प्रत्येक उंचीवरचा आडवा छेद काढावा आणि ‘लॉफ्ट’ या हुकमाने ते छेद एकमेकांना जोडावेत. कोनाडे त्यानंतर कोरावेत.