मुशीची वार आणि कांगारूची पिशवी

छत्रपती संभाजीनगरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही तुमच्या घरातील कोणी वडीलधारे प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झाले असतील, तर त्यांना ‘स्कोलिओडॉन’ हे नाव विचारून पाहा. आपल्याकडच्या महाविद्यालयांत अनेक वर्षे विच्छेदनासाठी हाच लहान शार्क मासा वापरीत. कोकणात अशा लहान शार्कना मुशी म्हणतात.

फार तर पाऊण मीटर लांबीच्या या मुशीचे अंडे जेमतेम १ मिलिमीटर व्यासाचे असते. एवढ्याशा अंड्यात पिलाला पुरेल इतका बलक कोठून असणार? मग ते वाढते कशावर? आईकडून मिळणाऱ्या अन्नावर! गर्भाची बलकाची पिशवी गर्भाशयाच्या भित्तीशी जोडली जाते, तेथे वार तयार होते आणि तिच्यापासून पिलापर्यंत नाळ जाते. चक्क माशाला वार आणि नाळ! पाच-सहा महिन्यांनी सुमारे १२ ते १५ सेंटिमीटर लांबीची पिले जन्मतात आणि लगेच आपली आपण पोहू लागतात. पिले थोडीच, एका वेळी बहुधा वीसच्या आत. म्हणून गाभण मादी जाळ्यात सापडली, की मुशीचे नुकसान लाखो अंडी घालणाऱ्या माशापेक्षा मोठे.

आता ऑस्ट्रेलियातील तांबडा कांगारू घ्या. तो सस्तन, म्हणजे आपल्याच गोतावळ्यातला. त्याची वार मुशीपेक्षा सरस असेल, असे वाटते ना? पण ती अगदी थोडा काळ टिकते. सुमारे ३३ दिवसांतच पिलू बाहेर येते. वजन १ ग्रॅमहूनही कमी, डोळे मिटलेले, मागचे पाय नावापुरते. पुढच्या पायांनी आईच्या केसांना धरून ते स्वतःच पिशवीत चढते, स्तनाग्र तोंडात धरते आणि पुढे महिनोन् महिने तेथेच वाढते.

नुसती वार पाहून नाते ठरविले, तर मुशी आपल्याला जवळची आणि कांगारू दूरचा ठरेल! पण मुशीचा सांगाडा कूर्चेचा, श्वसन कल्ल्यांनी. वार तिच्या कुळात स्वतंत्रपणे निर्माण झाली, जसे वटवाघळाला आणि फुलपाखराला पंख वेगवेगळे आले. कांगारूच्या अंगावर आपल्यासारखे केस आहेत आणि मुख्य म्हणजे दूध आहे. तेही कसे? पिशवीत नवजात पिलू असताना बाहेर हुंदडणारे थोरले भावंडही दूध प्यायला येते, तेव्हा आई एकाच वेळी एका स्तनाग्रातून धाकट्याला आणि दुसऱ्यातून थोरल्याला निरनिराळे दूध देते.