पिण्याचे पाणी : विकतचा जार की घरचा माठ?

वीस लिटरचा पाण्याचा जार पूर्वी लग्नकार्यात किंवा दुकानाच्या कोपऱ्यात दिसे. आता दापोरा व बुरहानपूरच्या आसपासच्या खेड्यांतही तो रोजच्या वापरात येऊ लागला आहे. घरात लहान मूल आहे, म्हातारी माणसे आहेत, तेव्हा पाणी तरी चांगले असावे, ही त्यामागची भावना योग्यच आहे. पण या खर्चातून खरोखर काय मिळते, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने एकदा करावा असे आम्हांला वाटते.

जार वीस रुपयांचा धरला आणि रोज एक लागला, तर वर्षाचे 7,300 रुपये होतात. आपल्या गावचा दर घालून हिशेब करून पाहावा. शेतमजुरीवर चालणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही.

आपल्या जिल्ह्याची गोष्ट तर विशेष आहे. जुलै 2022 मध्ये बुरहानपूर हा देशातील पहिला 'हर घर जल' प्रमाणित जिल्हा ठरला. येथील 254 गावांच्या ग्रामसभांनी घरोघरी नळ पोहोचल्याचे ठराव केले. ऑगस्ट 2019 मध्ये जिल्ह्यातील सुमारे 37 टक्के ग्रामीण घरांतच नळ होता. त्याहून मागे गेलो तर 1615 साली अब्दुल रहीम खानखानांच्या काळात बांधलेला कुंडी भंडारा आहे. सातपुड्यातून झिरपणारे पाणी शंभराहून अधिक कुंड्यांच्या खालून, जमिनीच्या उताराने, कसल्याही यंत्राशिवाय शहरात आणलेले आहे. अशा मुलखात पाणी विकत घ्यावे लागावे, हे मनाला पटत नाही.

जारमध्ये काय असते?

सीलबंद बाटली आणि सुटा थंड जार या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सुट्या जारला सील नसते, तो कधी व कशाने धुतला हे आपल्याला कळत नाही. पाणी थंड लागले म्हणजे ते शुद्ध असे नव्हे. थंडीने जंतूंची वाढ मंदावते, ते मरत नाहीत. सीलबंद पाण्यातही सर्व काही निर्मळ असते असे नाही. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी जानेवारी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बाटलीच्या एका लिटर पाण्यात प्लॅस्टिकचे सरासरी 2 लाख 40 हजार अतिसूक्ष्म कण आढळले. त्यांचा शरीरावर नेमका परिणाम काय होतो यावर संशोधन चालू आहे. तेव्हा घाबरून जाऊ नये. पण 'बाटलीतले म्हणजे उत्तम' हा समजही सोडावा.

आधी दोष ओळखा, मग उपाय करा

पाण्याचे मुख्य दोष चार : गढूळपणा, रोगजंतू, जास्त क्षार आणि विषारी रसायने. एका दोषाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. पैसे वाया जातात ते येथेच.

1. गढूळपणा. पावसाळ्यात पाणी गढूळ आले तर भांड्यात तुरटीचा खडा थोडा वेळ फिरवून पाणी निवू द्यावे आणि वरचे नितळ पाणी गाळून घ्यावे. गाळण्यासाठी जुनेर उत्तम. बांगलादेशातील खेड्यांत झालेला एक अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. जुन्या सुती साडीच्या अनेक घड्या घालून नदी-तळ्याचे पाणी गाळणाऱ्या घरांत पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्याने कमी झाले. पटकीचे जंतू पाण्यातील बारीक जीवांना चिकटलेले असतात, ते जीव कापडात अडकतात. निदान चार घड्या घालाव्यात आणि कापड रोज धुऊन उन्हात वाळवावे. मात्र गाळलेले पाणी स्वच्छ दिसले तरी जंतुमुक्त नसते, हे विसरू नये.

2. रोगजंतू. हगवण, कावीळ, विषमज्वर पसरतात ते यामुळे. यावर तीन सोपे उपाय आहेत.

उकळणे : पाण्याला खळखळून उकळी फुटली की आणखी एक मिनिट ठेवावे. वीस-वीस मिनिटे उकळण्याची गरज नाही, तेवढे सरपण किंवा गॅस वाचतो. त्याच भांड्यात झाकून निवू द्यावे.

क्लोरीन : अर्ध्या ग्रॅमची गोळी साधारणपणे वीस लिटर पाण्याला पुरते. तरी पाकिटावरील प्रमाण वाचावे, कारण गोळ्या लहानमोठ्या असतात. गोळी घातल्यावर अर्धा तास थांबून मग पाणी प्यावे. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून अनेकजण जारकडे वळतात. खरे म्हणजे तो मंद वास पाण्यात संरक्षण शिल्लक असल्याची खूण आहे. माठात काही तास ठेवले की वास उतरतो.

ऊन : पारदर्शक, बिनरंगी प्लॅस्टिकची एक-दोन लिटरची बाटली स्वच्छ धुऊन नितळ पाण्याने भरावी आणि पत्र्यावर कडक उन्हात सहा तास आडवी ठेवावी. आभाळ अर्धे झाकलेले असेल तर दोन दिवस ठेवावी. झडीच्या दिवसांत हा उपाय करू नये.

3. जास्त क्षार. भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो म्हणून घाबरू नये. तो बहुधा चुन्याचा असतो. कुंडी भंडाऱ्याच्या भिंतींवरही असाच थर बसला आहे. पाण्यातील एकूण क्षारांचे प्रमाण लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगले मानतात. दुसरी सोय नसेल तर 2,000 पर्यंत चालते. आर.ओ. यंत्र उपयोगी पडते ते क्षार खूप असतील तेव्हा. ते एक लिटर पाणी देताना बहुधा दोन-तीन लिटर वाया घालवते. म्हणून 2019 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने, जेथे क्षार 500 हून कमी आहेत तेथे या यंत्रास मनाई करण्याचे निर्देश दिले. पाणी न तपासता हजारो रुपयांचे यंत्र घेणे शहाणपणाचे नव्हे.

4. रसायने. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, जिभेलाही सहसा कळत नाही. केळीला युरिया भरपूर लागतो. पिकाने न घेतलेला अंश पाण्याबरोबर खाली उतरतो आणि नायट्रेट होऊन विहिरीत पोहोचू शकतो. नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरचे दूध अशा पाण्यात कालवून दिले, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटून बाळ निळे पडू शकते. अंगावर पिणाऱ्या बाळाला पहिले सहा महिने पाणी देण्याची गरजच नाही. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढते. म्हणून असे पाणी सोडून दुसरे घ्यावे.

शेतकरी बांधवांनी खत एकदम न टाकता थोडे थोडे, शक्यतो ठिबकमधून द्यावे. फवारणीचा पंप विहिरीवर धुऊ नये. उकिरडा आणि शौचखड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर असावा. आपल्या शेताची शिस्त हीच आपल्या माठाची पहिली गाळणी होय.

विहिरीत औषध किती टाकावे?

विहिरीच्या व्यासाचा वर्ग करून त्यास पाण्याच्या खोलीने गुणावे (दोन्ही मीटरमध्ये), मग 3.14 ने गुणून 4 ने भागावे. आलेला आकडा हजार लिटरचा समजावा. दर हजार लिटरला चांगली, ताजी ब्लीचिंग पावडर अडीच ग्रॅम लागते. उदाहरणार्थ, 3 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी असेल तर सुमारे 28 हजार लिटर पाणी, म्हणजे साधारण 70 ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवून चुना तळाशी बसू द्यावा आणि वरचे पाणीच विहिरीत सोडावे. हे काम रात्री, पाणी भरणे संपल्यावर करावे. निदान एक तास कोणी पाणी काढू नये. पाणी फार गढूळ असेल तर मात्रा आरोग्य कार्यकर्त्यांना विचारून वाढवावी.

माठाची निगा

शुद्ध केलेले पाणी घरातच पुन्हा बिघडते. माठात हात घालून पेला बुडवला की सगळे श्रम फुकट जातात. लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे किंवा तोटीचा माठ घ्यावा. माठ झाकलेला, जमिनीपासून उंच असावा. तो रोज रिकामा करून धुवावा. शिळ्या पाण्यावर ताजे ओतू नये. पाणी भरण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत.

एवढे करूनही कोणाला हगवण लागली, तर एक लिटर शुद्ध पाण्यात ओ.आर.एस.चे पाकीट विरघळवून थोडे थोडे पाजावे. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे (चमचा चहाचा घ्यावा). मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, रक्त पडू लागले, तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठावा.

आता काय करावे?

जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच जणींना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची योजना आहे. त्या कोण आहेत याची ग्रामपंचायतीत चौकशी करावी. नळाचे, विहिरीचे आणि हापशाचे पाणी वेगवेगळे तपासून घ्यावे, पावसाळ्यापूर्वी एकदा व नंतर एकदा. दोष निघाला तर लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या प्रयोगशाळेकडे नमुना पाठवण्याचा आग्रह धरावा. ग्रामसभेत निकाल वाचून दाखवायला सांगावे.

जार ज्याला परवडतो तोच घेतो, शेजारच्या गरिबाचे मूल मात्र तेच पाणी पीत राहते. गावाचे पाणी सुधारले तर दोघांचेही भले होते. तोवर जुनेर, चूल, क्लोरीनची गोळी आणि झाकलेला माठ एवढी सामग्री आपल्या बहुतेक घरांना सहज जमण्यासारखी आहे. तिचा उपयोग आजपासूनच करावा.