बांधणी आणि तिचे चित्र

चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी जे विषय दिले जातात, त्यांत ‘बांधणी’ हा विषय दिसायला सोपा आणि निभवायला अवघड आहे. तो हाती पडताच पिंपळाच्या जाळीदार पानाची रेखाटने होतात, मधमाश्यांचे पोळे येते, एखादा लोखंडी पूल येतो. वही भरते, परंतु तिच्यात बहुधा बांधणीच तेवढी नसते. कागदावर उतरलेली असते ती नक्षी. नक्षी डोळ्याला आपोआप दिसते. बांधणी म्हणजे भार ज्या वाटेने जमिनीपर्यंत पोचतो ती वाट, आणि ती शोधावी लागते.

हा भेद पुस्तकापेक्षा एखाद्या इमारतीपाशी लवकर उमगतो. बंगळूरच्या चामराजपेटेत, आल्बर्ट व्हिक्टर रस्त्यावर, टिपू सुलतानाचा उन्हाळी महाल आहे. हैदर अलीने १७८१ मध्ये आरंभिलेली ही दुमजली सागवानी वास्तू टिपूच्या कारकिर्दीत, १७९१ मध्ये, पुरी झाली. टिपूच्या पाडावानंतर इंग्रजी अमदानीत १८६८ पर्यंत येथे सरकारी सचिवालय होते. त्या सुरूदार खांबांमध्ये बसून दप्तरे बांधणाऱ्या कारकुनांची नजर कधी वर गेली असेल की नाही, कोण जाणे!

येथे आलेला विद्यार्थी प्रथम महिरपी काढतो. ते स्वाभाविकच आहे, कारण त्या देखण्या आहेत. पण दगडी कमान आणि लाकडी महिरप यांत फार मोठे अंतर आहे. दगडी कमानीचे पाचरीसारखे चिरे एकमेकांना दाबून धरतात आणि वरचे ओझे दोन्ही अंगांना वाहून नेतात. एक चिरा निखळला, तर सारी कमान धोक्यात येते. लाकडी कामात ओझे पेलते ती तुळई. तिच्यावरचा भार खांबाच्या डोक्यावरील हस्तावाटे खांबात उतरतो आणि दगडी तळखड्यातून जमिनीत जातो. दोन खांबांच्या मध्ये बसवलेली महिरप बहुतांशी शोभेची असते. ती काढून घेतली, तरी माडी जागच्या जागी राहते. पुण्याच्या विश्रामबागवाड्याचे सुरूदार खांब ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. म्हणजे ज्या भागाचे चित्र सर्वांआधी निघते, तोच भाराच्या हिशेबात जवळजवळ शून्य ठरतो.

म्हणून महिरप गाळावी, असे मात्र नव्हे. तिला तिच्या पायरीवर ठेवावे, इतकेच. जे पेलते ते जाड रेषेने आणि जे नुसते शोभवते ते बारीक रेषेने दाखवण्याचा साधा संकेत विद्यार्थ्याने पाळला, तरी त्याला प्रत्येक रेषेपूर्वी स्वतःशी एक प्रश्न विचारावा लागतो: याच्यावर काय टेकले आहे, आणि हे कशावर टेकले आहे?

बांधणी वस्तीलाही असते. चामराजपेट ही १८९२ मध्ये, चामराजेंद्र वडेयर यांच्या अमदानीत, आखून वसवलेली वस्ती. केंपेगौडाच्या जुन्या पेठेतील गल्ल्या रहदारीच्या सोयीने वळत गेल्या. येथे रस्ते आधी आखले गेले आणि घरे मागून आली. नकाशावर दोन्ही शेजारी ठेवून काढल्या, तर फरक सांगावा लागत नाही.

डोळ्याची ही सवय हातालाही लावता येते. जर्मनीत १९१९ मध्ये स्थापन झालेल्या बाउहाउस या कलाशाळेत योझेफ आल्बर्स हे १९२३ पासून प्राथमिक वर्ग शिकवीत. ते विद्यार्थ्यांच्या हाती नुसता कागद देत आणि त्याचे सामर्थ्य शोधायला लावीत. साधा कागद कडेवर उभा केला की लवतो. पंख्यासारख्या घड्या घातल्या की तोच ताठ उभा राहतो व वर ठेवलेले पुस्तकही तोलतो. कागद वाढलेला नसतो, फक्त त्याचा आकार बदललेला असतो. छपरावरच्या नालीदार पत्र्याचे रहस्य हेच आहे. असा एक प्रयोग वहीतील वीस सुबक चित्रांहून अधिक मोलाचा आहे.

चामराजपेटेतील जुनी कौलारू घरे पाडून त्यांच्या जागी काँक्रीटचे मजले उठत आहेत. जुन्या घरात खांब, वासे आणि आढे उघडे असत. राहणाऱ्याला आपले छप्पर कशावर आहे हे ठाऊक असे. नव्या इमारतीचा सांगाडा गिलाव्याआड जातो. विद्यार्थ्याने अशी इमारत पुरी होण्याची वाट पाहू नये. सळया बांधून झाल्या, पण काँक्रीट पडायचे आहे, अशा वेळी कंत्राटदाराची परवानगी घेऊन रेखाटनाला बसावे. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. तो भाग लोखंडाचा. दोन खांबांवर टेकलेल्या तुळईच्या मध्यभागी ताण खालच्या अंगाला येतो, म्हणून मुख्य सळया तेथे तळाशी असतात. भिंतीतून पुढे काढलेल्या सज्जात मात्र ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून तेथे त्या वर असतात. गवंड्याने त्या चुकून खाली ठेवल्या, तर सज्जा बाहेरून अगदी तसाच दिसेल, परंतु आधार काढताच कोसळू शकेल.