पन्नास लाखांचे गणित

परदेशातल्या नोकरीचे पत्र घरात आले, की सर्वांत आधी सुरू होतो तो गुणाकार. पत्रातला आकडा युरोत असतो. हिशेबाला सोपे म्हणून एका युरोचे १०० रुपये धरले जातात आणि वर्षाच्या ५०,००० युरोंचे पाहता पाहता ५० लाख रुपये होतात. संध्याकाळपर्यंत अर्ध्या सोसायटीला कळलेले असते, की अमक्यांच्या मुलाला जर्मनीत पन्नास लाखांचे पॅकेज मिळाले.

जर्मनीचे नाव मुद्दाम घेतले. आपल्याकडे परदेश म्हणजे अमेरिका, नाहीतर आखात, असे बरीच वर्षे होते. आता तसे राहिलेले नाही. चाकणला जर्मन मोटारींचे कारखाने आहेत. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी-शहरे. श्टुटगार्ट ज्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याची राजधानी आहे, त्या राज्याशी महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करारही केला. तेव्हा हा गुणाकार पुढेही पुष्कळ घरांत होणार आहे.

बँकेत मी कर्जाचे अर्ज तपासत असे. समोरचा गृहस्थ पगारपत्रकातला वरचा आकडा सांगे. आमची नजर मात्र तळच्या आकड्यावर असे. हप्ता फेडायचा तो तळच्या आकड्यातून. परदेशातला पगारही याच रीतीने वाचावा असे मला वाटते.

जर्मन पत्रात लिहिलेला पगार ‘ब्रुटो’ असतो, म्हणजे कापाकापीच्या आधीचा. हातात पडतो तो ‘नेटो’. निवृत्तिवेतन, आरोग्यविमा, बेकारी-विमा आणि वार्धक्यातल्या शुश्रूषेचा विमा, असे चार हप्ते सक्तीचे. त्यांत नोकराचा वाटा साधारण पगाराच्या पाचव्या हिश्शाचा. त्यावर आयकर. २०२५ च्या दरांनी ५०,००० युरोंच्या पगारातून एकट्या माणसाच्या हातात महिन्याला सुमारे २,६५० ते २,७०० युरो पडत. विवाहित असून एकानेच कमावले, तर कराचा वर्ग बदलतो आणि ३,००० च्या आसपास मिळतात. कर्ज मागायला आलेल्या माणसाचा मी हाच आकडा धरला असता.

पुढचा प्रश्न घरभाड्याचा. तिथे भाडे दोन प्रकारचे, ‘थंड’ आणि ‘ऊन’. थंड भाडे म्हणजे नुसत्या जागेचे. ऊन भाड्यात तापवण्याचा आणि इमारतीच्या देखभालीचा खर्च येतो. विजेचे बिल बहुधा त्याहून वेगळे. अनामत म्हणून तीन महिन्यांच्या थंड भाड्यापर्यंत रक्कम मागता येते. आपल्याला चमत्कारिक वाटेल, पण पुष्कळ घरे स्वयंपाकघराच्या ओट्या-कपाटांविना मिळतात. ती आपली आपण बसवायची. म्युनिकमध्ये निम्मा पगार भाड्यातच जाऊ शकतो, तर लाइपझिगमध्ये तोच पगार ऐसपैस वाटतो. शहराचे नाव कळल्याशिवाय पगार चांगला की वाईट, हे सांगताच येत नाही.

युरोचा दर कळला म्हणून तिथले जगणे कळत नाही. तिथे दूध, पाव, अंडी आपल्याला वाटते तितकी महाग नाहीत. महाग आहेत ती माणसाच्या हातची कामे. केस कापणे, नळ दुरुस्त करणे, घर झाडून घेणे. पुण्यात आपण सहज विकत घेतो ते दुसऱ्याचे श्रम तिथे परवडत नाहीत, म्हणून ते स्वतः करावे लागतात. पन्नास लाख मिळवणारा मुलगा रविवारी बाथरूम घासत असेल, तर त्यात कमीपणा काही नाही. पण गुणाकार करताना हे लक्षात असावे.

दुसरी बाजूही तितकीच खरी. पत्रात न दिसणारे पुष्कळ काही तिथे पगाराबरोबर येते. सरकारी विम्यात, कमाई नसलेली पत्नी आणि मुले यांना त्याच हप्त्यात छत्र मिळते. पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाकाठी किमान २० दिवसांची भरपगारी रजा कायद्यानेच मिळते. आजारपणात सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो. निवृत्तिवेतनासाठी कापलेला पैसाही बुडीत नव्हे. भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. इथे आपण दवाखान्यासाठी आणि म्हातारपणासाठी जी पुंजी बाजूला ठेवतो, तिचा काही भाग तिथे आधीच कापला गेलेला असतो.

मग देऊ केलेला पगार रास्त आहे की नाही, हे कसे ओळखावे? इथल्या पगाराशी तुलना करून ते कळत नाही. त्याच शहरात, त्याच कामाला, तितक्याच अनुभवाला जर्मन माणसाला काय मिळते, ते पाहावे. तिथल्या संघीय रोजगार संस्थेने ‘एंटगेल्ट-अ‍ॅटलास’ नावाची पगारांची सूची संकेतस्थळावर सर्वांना खुली ठेवली आहे. व्यवसाय आणि प्रदेश निवडला की मधला पगार दिसतो. कंपनीला कामगार संघटनेशी झालेला वेतनकरार लागू आहे का, हेही विचारावे. सर्वसाधारण व्यवसायांत ‘ब्लू कार्ड’ मिळण्यासाठी २०२५ साली किमान ४८,३०० युरोंचा पगार लागे. म्हणजे आपले पन्नास लाख त्या उंबरठ्याच्या जेमतेम वर होते. नव्या पदवीधराला हा आकडा ठीक. दहा वर्षे अनुभव असलेल्या अभियंत्याने मात्र तो मुकाट्याने स्वीकारू नये.

आता तळाचा आकडा काढू. समजा नवरा-बायको गेले आणि ३,००० युरो हातात आले. ऊन भाड्याचे १,३०० गेले. वाणसामान, प्रवास, वीज, फोन, कपडे यांचे १,२०० धरले. उरले ५००. म्हणजे महिन्याला ५०,००० रुपये, वर्षाला सहा लाख. गुणाकार करायचाच, तर तो या शिलकेचा करावा. गावाकडे पैसे पाठवायचे, पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता भरायचा, तो यातूनच. दोघेही इथे नोकरी करत असतील, तर एवढी किंवा याहून अधिक शिल्लक इथेही पडत असेल.

या हिशेबात एक रकाना बहुधा रिकामाच राहतो, तो बायकोच्या पगाराचा. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला तिथे नोकरीची परवानगी असते. पण परवानगी मिळाली म्हणजे नोकरी मिळाली असे नाही. भाषा येईपर्यंत एखादे वर्ष, दोन वर्षे जातात. इथे हाताखाली दहा माणसे असलेली बाई तिथे भाषेच्या वर्गात पहिल्या बाकावर बसते. तो काळ तिने आनंदाने स्वीकारला असेल, तर पुढे दोन पगार येतात आणि सारे गणितच पालटते. तिला न विचारता तो गृहीत धरला असेल, तर ती वजाबाकी कुठल्याच चलनात मांडता येत नाही.

मुलांनी जावे की जाऊ नये, हे आपण सांगू नये. नवा देश, नवी भाषा, कामाची वेगळी शिस्त, यांचेही मोल असते. तरुणपणी शिलकीपेक्षा अनुभवासाठी जाणे हा काही वाईट व्यवहार नव्हे. मात्र आपण कशासाठी जातो आहोत, हे जाणाऱ्याला ठाऊक असावे. पत्र आले की आपण वडीलधारी माणसे विचारतो, ‘किती मिळणार?’ त्याऐवजी ‘किती उरणार?’ असे विचारावे, आणि मग सुनेकडे वळून, ‘तुझे काय ठरले आहे?’ असेही. पेढे त्यानंतर वाटायला हरकत नाही.