साचलेल्या पाण्याची निगा : पोढीपासून फिश टँकपर्यंत

आपल्या शाळेच्या विज्ञानकक्षात खिडकीजवळ तीन फूट लांबीचा एक फिश टँक होता. एका माजी विद्यार्थ्याने तो मोठ्या आपुलकीने शाळेला भेट दिला होता. दुसऱ्याच महिन्यात त्यातील पाणी हिरवेगार झाले, काचेवर शेवाळाचा थर चढला आणि आतले मासे दिसेनासे झाले. त्या आठवड्यात विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते. आम्ही पडलो इतिहासाचे शिक्षक. घरातला माठ जसा धुतात तसा आम्ही तो टँक धुऊन काढला. वाळू धुतली, फिल्टरमधला स्पंज नळाखाली पिळून पिळून स्वच्छ केला, काच घासली आणि नळाचे ताजे पाणी भरून मासे परत सोडले. पाणी स्फटिकासारखे दिसू लागले. चौथ्या दिवशी सकाळी बहुतेक मासे उलटे होऊन तरंगत होते.

सहावीच्या एका मुलीने तेव्हा विचारले, "सर, पाणी तर स्वच्छ होतं, मग मासे का मेले?" त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढे विज्ञानाच्या सहकाऱ्यांकडून, आरोग्य कर्मचाऱ्यांकडून आणि आमच्या विषयातील जुन्या लेखांतून जे समजले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

स्वच्छ दिसणे वेगळे, निरोगी असणे वेगळे

माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजले की पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विषासारखा असतो. वाळूत, दगडांवर आणि फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढणारे उपयुक्त जिवाणू या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही घातकच असते, नायट्रेट मात्र बरेच सौम्य. नव्या टँकमध्ये या जिवाणूंची वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने ती संपूर्ण वस्ती एका दुपारी धुऊन टाकली होती. मासे मेले ते आमच्या अज्ञानातल्या स्वच्छतेमुळे.

योग्य रीत अगदी साधी आहे. सगळे पाणी एकदम कधीही बदलू नये. आठवड्यातून एकदा सुमारे पाचवा हिस्सा पाणी काढावे, तळाचा गाळ नळीने ओढून घ्यावा आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने खळबळावा. भरावयाचे पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत काढून ठेवावे, म्हणजे त्यातील क्लोरीन उडून जातो. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच टाकावे. प्रेमापोटी टाकलेली जादा चिमूट हीच बहुतेक टँकच्या नाशाचे मूळ असते.

शेवाळ का वाढते?

शेवाळाला दोनच गोष्टी लागतात, उजेड आणि खत. खत म्हणजे पाण्यातील नायट्रेट व फॉस्फेट. शेतकरी कुटुंबांतील आपल्या पालकांना हे वेगळे सांगावयास नको. युरिया टाकल्यावर पीक जसे उसळी घेते, तसेच शेवाळही घेते. नारायणगाव-मंचर पट्ट्यातील बागायती शेतांत टाकलेल्या खतांचा काही अंश पावसाबरोबर विहिरीत झिरपतो. असे पाणी टँकमध्ये भरले तर आपण पाण्याबरोबर खतही घालीत असतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकातील मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. तेव्हा विहिरीचे पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घेणे माशांइतकेच घरातील तान्ह्या मुलांच्याही हिताचे आहे.

शेवाळ हा शत्रू नव्हे, ती खूण आहे. दिवसा ते पाण्यात प्राणवायू सोडते. रात्री मात्र तेच प्राणवायू खर्च करते, म्हणून हिरव्या झालेल्या टँकमधले मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडीत राहतात. अशा वेळी औषध ओतण्याऐवजी कारण काढावे. आम्ही टँक खिडकीपासून दूर हलविला, दिवा दिवसाला सात तासांवर आणला, खाद्य निम्मे केले आणि पाणवनस्पती लावल्या. वनस्पती खत वापरू लागल्या आणि शेवाळाची उपासमार झाली. दीड महिन्यात पाणी निवळले.

मुंबई-पुण्यात वा परदेशात स्थायिक झालेले आपले काही माजी विद्यार्थी समुद्री माशांचा टँक ठेवतात. मुंबईत 1951 साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयामुळे असे मासे अनेक पिढ्यांना काचेतून पाहायला मिळाले. घरी ते सांभाळणे गोड्या पाण्यापेक्षा अवघड, परंतु तत्त्व तेच. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. बाष्प होऊन पाणी उडते, मीठ मात्र मागेच राहते. म्हणून घटलेली पातळी मिठाच्या नव्हे, गोड्या शुद्ध पाण्याने भरून काढावी. दगडांबरोबर नको असलेले जीवही घरात येतात, तेव्हा नवा दगड वा नवा मासा तीन-चार आठवडे वेगळा ठेवूनच आत सोडावा. तांब्याचा अंश असलेली औषधे माशांचे काही रोग बरे करतात, परंतु गोगलगायी आणि कोळंबी यांना मारतात. प्रवाळ व समुद्रघोडे यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, हे ध्यानी ठेवून खरेदीचा मोह टाळावा.

डोंगरातल्या पोढ्या

टँक सावरल्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही त्याच वर्गाला मानमोडीची लेणी दाखवावयास नेले. जुन्नरभोवतीच्या लेण्याद्री, शिवनेरी, तुळजा आणि मानमोडी या डोंगरांत दोनशेंहून अधिक लेणी कोरलेली आहेत. चैत्यगृहे आणि विहार पाहून झाल्यावर मुले पाण्याच्या टाक्यांपाशी थांबली. प्राकृत शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे. तीच मुलगी म्हणाली, "सर, ही उघडी आहे ती हिरवी, आणि ती खडकाच्या आतली आहे ती स्वच्छ!" आम्ही वर्षानुवर्षे त्या वाटेने गेलो होतो, पण हे पाहिले नव्हते.

पोढी कोरणाऱ्यांनी नेमका उजेडच अडविलेला आहे. पोढीचे तोंड बहुधा लहान असते आणि आत खडकात ती रुंद होत जाते. काही ठिकाणी वरचा खडक तोलायला आत खांब ठेवलेले असतात. सूर्यकिरण आत पोहोचत नाहीत, म्हणून शेवाळ कमी. खडकाच्या सावलीत पाणी थंड राहते, म्हणून बाष्पीभवनही कमी. पावसाचे पाणी खडकातल्या पन्हळीतून येते, गाळ तळाशी बसतो आणि तो वेळोवेळी उपसावा लागतो. उपसणारे हात गेले की पोढी बुजते. आज अनेक पोढ्या मातीने भरलेल्या दिसतात, त्या याचीच साक्ष देतात.

या पोढ्या कोणी दिल्या, हेही दगडावर लिहिलेले आहे. मानमोडीवरील एका लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष 46 मध्ये पोढी आणि मंडप दान केल्याची नोंद आहे. ते वर्ष शक संवताचे धरले तर इ. स. 124 येते. जुन्नरच्याच दुसऱ्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्याचे कोरले आहे. राजाच्या अमात्याने आणि परदेशी वंशाच्या उपासकाने एकाच संघाच्या पाण्याची सोय केली. दानाच्या यादीत पाणी हे मंडपाच्या बरोबरीने येते, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते.

गाळण्याचे वस्त्र

पोढीतले पाणी भिक्खू तसेच पीत नसत. परंपरेने सांगितलेल्या त्यांच्या आठ परिष्कारांत तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई आणि कमरबंद यांच्याबरोबर पाणी गाळण्याचे वस्त्र आहे. जीव असलेले पाणी जाणूनबुजून वापरू नये, असा विनयाचा नियम होता. हेतू करुणेचा होता, लाभ आरोग्याचाही झाला असला पाहिजे. नारूचा रोग पाण्यातील सायक्लॉप्स या बारीक जिवामार्फत पसरत असे आणि पाणी कापडातून गाळून पिणे हा त्यावरचा एक मुख्य उपाय ठरला. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण 1996 मध्ये आढळला आणि 2000 साली देश नारूमुक्त जाहीर झाला.

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग येतो. दोन भिक्खू कोसल देशात प्रवास करीत होते. एकाजवळ गाळणे नव्हते. मनातल्या रागामुळे दुसऱ्याने आपले गाळणे दिले नाही आणि पहिला तहानेने मरण पावला. तेव्हा तथागतांनी नियम केला की, प्रवासात मागणाऱ्याला गाळणे नाकारू नये. पाणी शुद्ध ठेवण्याचा नियम आणि पाणी न नाकारण्याचा नियम असे एकाच ठिकाणी येतात.

वसतिगृहाची टाकी

हेच ज्ञान मुलांच्या पिण्याच्या पाण्याला लावावयाचे आहे. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावयाचा. त्या दिवशी पिंपे, बादल्या आणि कुंड्यांखालच्या ताटल्या नुसत्या रिकाम्या करून भागत नाही, कडा घासाव्या लागतात. कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. वापराच्या ज्या हौदाचे पाणी उपसता येत नाही त्यात गप्पी मासे सोडावेत. ओढ्यात, तळ्यात किंवा लेण्यांच्या पोढीत मात्र ते सोडू नयेत, तेथील मूळ जीवांना त्यांचा उपद्रव होतो.

पिण्याच्या निवळ पाण्यात 1000 लिटरला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल पावडर पुरते. पावडर बादलीत कालवून, निवळी तेवढी टाकीत सोडावी आणि किमान अर्धा तास थांबावे. मग ओटी चाचणी घ्यावी. पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन शिल्लक आहे. पावडरीचा डबा उघडा राहिला तर तिचा जोर जातो, म्हणून चाचणीशिवाय अंदाजावर विसंबू नये. टाकीला घट्ट झाकण हवे, ज्यामुळे उजेड आणि डास दोन्ही बाहेर राहतात. पोढीचे लहान तोंड हेच काम करीत होते.

आपल्या दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात आषाढात पाऊस कोसळतो आणि वैशाखात आयाबाया हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरतात. अशा घरांतून आलेल्या मुलांना साठविलेल्या पाण्याची निगा शिकविणे हा आम्हांला अभ्यासक्रमाचाच भाग वाटतो.

पाण्याच्या शुद्धतेची एक दुसरी व्याख्याही या देशात होती. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर तळे 'शुद्ध' करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध व दही कालवलेल्या 108 घागरी त्यात सोडण्यात आल्या. फिश टँक सांभाळणाऱ्या आपल्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा, या पदार्थांनी पाण्यात काय वाढते? तो सांगेल, अमोनिया आणि शेवाळ. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटत नाही. ते कशाने बिघडते हे मोजता येते आणि मोजून सुधारताही येते.

आज विज्ञानकक्षात फिश टँकशेजारी एक वही टांगलेली आहे. पाणी कधी बदलले, टाकी कधी घासली, ओटी चाचणीचा रंग कसा आला, या नोंदी दर शनिवारी मुलेच करतात. त्या सहावीच्या मुलीने पहिले पान लिहिले होते. ती आता शाळेतून बाहेर पडली आहे, वही चालू आहे. माजी विद्यार्थ्यांनी भेटीस यावे तेव्हा ती अवश्य चाळावी, आणि पालकांनी अशी एक वही आपल्या घरच्या टाकीजवळही टांगावी, ही विनंती.