खोलीचा इसार आणि साथीचे दिवस

नांदेड शहर गोदावरीच्या काठी आहे. शिखांचे दहावे गुरू, गुरू गोविंदसिंह, यांनी येथे 1708 साली देह ठेवला. म्हणून सचखंड गुरुद्वाऱ्यात दूरदूरचे यात्रेकरू येतात. याच जिल्ह्यात माहूरगडावर रेणुकामाता आहे. नवरात्रात तिथे पाय ठेवायला जागा नसते. शेजारच्या लातूरची गर्दी वेगळी. तिथे गावोगावची मुले शिकवणीला येतात.

या सगळ्यांना राहायला जागा लागते. धर्मशाळा आहेत, यात्री निवास आहे. पण पुष्कळ लोक आपल्या घरातली एखादी खोलीही भाड्याने देतात. त्यावर मीठमिरचीचा खर्च निघतो.

खोली ठरली की घरमालक थोडे पैसे आगाऊ घेतो. बैल घेताना आपण इसार देतो ना, तसाच हा इसार. पाहुणा आला, राहिला, उरलेले पैसे देऊन गेला, तर काही प्रश्न नाही. पण साथ आली आणि पाहुणा आलाच नाही, तर इसार कोणाचा?

2020 साली हा प्रश्न घरोघर आला. मार्च महिन्यात कोरोनाची साथ पसरू लागली. 25 मार्चपासून साऱ्या देशात टाळेबंदी झाली. आगगाड्या थांबल्या, देवळे बंद झाली. नांदेडला आलेले सुमारे 4,000 यात्रेकरू तिथेच अडकले. ते एप्रिलच्या शेवटी बसगाड्यांनी पंजाबात परतू लागले. जे यायचे होते, ते घरीच राहिले. त्या वर्षी नवरात्र 17 ऑक्टोबरला बसले, तरी माहूरचे मंदिर भाविकांना बंदच होते. राज्यातली देवळे 16 नोव्हेंबरला, पाडव्याला उघडली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये ती पुन्हा बंद झाली, आणि 7 ऑक्टोबर 2021 ला, घटस्थापनेच्या दिवशी उघडली.

समजा, एका बाईने नवरात्रासाठी तीन दिवसांची खोली ठरवली. रोजचे 500 रुपये, म्हणजे 1,500 रुपये. त्यातले 600 आगाऊ दिले. मंदिर बंद झाल्यावर तिने फोन केला.

"दादा, आता येणं होत नाही. आमचे सहाशे परत द्या."

"अहो ताई, तुमच्यासाठी मी दुसरं गिऱ्हाईक परत लावलं. रंग दिला, गाद्या भरून घेतल्या. पैसे तिथेच गेले की!"

दोघांचेही खरे आहे. दोघांनीही लबाडी केलेली नाही. मग कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे 1872 सालचा करार कायदा आहे. त्याचे 56 वे कलम सांगते की, ठरलेले काम पुढे अशक्य झाले किंवा बेकायदा झाले, तर तो करार सुटतो. 65 वे कलम सांगते की, अशा सुटलेल्या करारात घेतलेले परत करावे. सरकारी हुकुमाने खोली देताच येत नसेल, तर बाईचे 600 रुपये परत द्यायला हवेत. गाद्यांचा खर्च कापून घ्या, असे त्या कलमात लिहिलेले नाही. रेल्वेनेसुद्धा रद्द केलेल्या गाड्यांच्या तिकिटांचे पूर्ण पैसे तेव्हा परत दिले.

पण गाड्या चालू आहेत, मंदिर उघडे आहे, खोली तयार आहे, आणि पाहुणा केवळ भीतीने आला नाही, तर गोष्ट निराळी. तिथे आधी काय ठरले होते, ते पाहावे लागते. काहीच ठरले नसेल तर भांडण ठेवलेलेच! माझ्या मते अशा वेळी तारीख पुढे ढकलून द्यावी. इसार जमा राहतो, पाहुणाही तुटत नाही. आणि घरमालकाच्याच घरी कोणी आजारी पडले, तर त्याने लगेच कळवावे आणि सगळे पैसे परत द्यावेत. आजार लपवून पाहुणा घेणे म्हणजे दुसऱ्याच्या लेकराबाळांच्या जिवाशी खेळ आहे.

मोठ्यांनाही हे कोडे सुटले नाही. एअरबीएनबी नावाची कंपनी मोबाइलवरून जगभर घरांतल्या खोल्या लावून देते. 14 मार्च 2020 पर्यंत ठरलेल्या पुष्कळ खोल्यांचे पूर्ण पैसे तिने पाहुण्यांना परत देऊ केले. खोलीवाले चिडले. मग कंपनीने त्यांच्यासाठी 25 कोटी डॉलर बाजूला काढले. तरी रद्द झालेल्या खोलीमागे त्यांना जे मिळायचे, त्याचा चौथा हिस्साच मिळणार होता.

लातूरचे त्रांगडे आणखी अवघड होते. मुले घरी गेली, पण ट्रंका आणि वळकट्या खोलीतच राहिल्या. डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा 3 मे ची 26 जुलैला गेली, तिथून 13 सप्टेंबरला. पोरगं गावी, आणि भाडे मात्र चालू! केंद्र सरकारने 29 मार्चला हुकूम काढला की, विद्यार्थ्यांना आणि मजुरांना खोलीतून जबरदस्तीने काढू नये. राज्याच्या गृहनिर्माण खात्याने 17 एप्रिलला घरमालकांना सांगितले की, भाडेवसुली निदान तीन महिने पुढे ढकला. पुढे ढकलणे म्हणजे माफ करणे नव्हे, हे ध्यानात घ्या. दिल्लीच्या उच्च न्यायालयानेही मे 2020 मध्ये एका दुकानाच्या खटल्यात सांगितले की, जागा आपल्या ताब्यात ठेवली तर टाळेबंदीमुळे भाडे आपोआप सुटत नाही. म्हणून बापाने एक तर सामान नेऊन किल्ली परत द्यावी, नाही तर मालकाशी बोलून निम्म्या भाड्यावर तडजोड करावी. मालकाच्याही डोक्यावर घराचा हप्ता असतो.

हे सगळे साथ येण्याआधी कागदावर लिहून ठेवले तर सोपे जाते. पावतीवर नाव, तारखा, एकूण भाडे आणि आगाऊ रक्कम लिहावी. खाली दोन ओळी घालाव्यात: "सरकारी बंदीमुळे राहणे झाले नाही तर आगाऊ रक्कम आठ दिवसांत परत. पाहुणा स्वतःहून आला नाही तर निम्मी परत, किंवा सहा महिन्यांत दुसरी तारीख." आकडे आपापसात ठरवावेत. दोघांनी सह्या कराव्यात, आणि एकेक प्रत दोघांकडे राहू द्यावी. पैसे परत दिले की त्याच पावतीच्या पाठीमागे तारीख घालून "पैसे मिळाले" असे पाहुण्याकडून लिहून घ्यावे. पाहुणा परगावी असेल तर पैसे बँकेतून पाठवावेत आणि ती नोंद पावतीला टाचून ठेवावी.